पाटीवर डॉन, गल्ल्यावर सनी

गवतीचहा
१४ जून, रात्री ९:१२

परवा इथल्या (लॉस एंजेलिस) जुन्या बाजारात एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या टेबलावर काड्यापेट्यांचा ढीग होता. आपल्याकडच्या डबीसारख्या नव्हेत, पुठ्ठ्याच्या, चपट्या, पाकिटासारख्या उघडणाऱ्या. त्यात एक सापडली, 'डॉन द बीचकोंबर' नावाच्या जुन्या हॉटेलाची. आत दोन काड्या शिल्लक. म्हणाले पाच डॉलर. मी म्हटलं तीन. तर म्हणे, "बाई, दोन काड्या आहेत अजून." दिले पाच.

घरी आल्यापासून हा धागा डोक्यात आहे. एका हॉटेलाच्या मालकिणीबद्दल लिहायचंय, जिचं नाव त्या काडेपेटीवर नाही.

ज्यांना टिकी रेस्टॉरंट हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आत शिरलं की भर दुपारी अंधार. वेत, बांबू, मासेमारीची जाळी, काचेचे तरंगे, लाकडात कोरलेल्या डोळे वटारलेल्या मूर्ती. रमची पेयं, तीही कधी शहाळ्यात, कधी अननसात. बाहेर अमेरिकेतला हमरस्ता, आत दक्षिण समुद्रातलं एक बेट, जे कुठल्याच नकाशावर नाही. या सगळ्याची सुरुवात हॉलिवूडमध्ये झाली आणि सुरुवात करणारा म्हणून नाव घेतलं जातं ते डॉनचं. मूळ नाव अर्नेस्ट रेमंड बोमाँट गँट, जन्म १९०७. तरुणपणी बोटींवरून जग हिंडून आलेला. डिसेंबर १९३३ मध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली आणि त्या सुमारास त्याने मॅकॅडन प्लेस नावाच्या गल्लीत, शिंप्याच्या जुन्या दुकानात, जेमतेम पंचवीस-तीस माणसांचा बार काढला. रम तेव्हा सगळ्यात स्वस्त मिळायची, म्हणून रम. 'झोंबी' हे त्याचं पेय इतकं जहाल की एका माणसाला दोनच्या वर देत नसत. पत्र्यावर पाइपने पाणी सोडून पाऊस पडतोय असं भासवायचा म्हणे, म्हणजे गिऱ्हाईक म्हणणार, चला, पाऊस थांबेपर्यंत अजून एक. पुढे त्याने कायदेशीररीत्या स्वतःचं नावच डॉन बीच करून घेतलं. आपल्याकडे पारशांत धंद्यावरून आडनाव पडतं, तसं दुकानाचं नाव मालकाला लागलं.

आता सनी. कोरा आयरीन संड, पण सगळे सनीच म्हणत. मिनेसोटाची, आधी शाळेत शिकवणारी. १९३७ मध्ये दोघांनी लग्न केलं आणि त्याच वर्षी तो बार रस्ता ओलांडून समोरच्या मोठ्या जागेत गेला. जागा बदलली एवढंच नाही, बारचं हॉटेल झालं. मुदपाकखाना आला, कँटोनीज धर्तीचं चिनी जेवण आलं, त्याला अननस-नारळाचा साज. चॅप्लिन, मार्लीन डीट्रिच असली मंडळी यायची. नेहमीच्या बड्या गिऱ्हाइकांच्या नावाच्या चॉपस्टिक्स हॉटेलात काचेच्या कपाटात ठेवलेल्या असत. माझा नवरा म्हणाला, "म्हणजे देवळातल्या देणगीदारांच्या फरश्याच की." अगदी तस्संच. माणूस पुन्हा येतो, आपलं नाव जागेवर आहे ना ते बघायला.

१९४० मध्ये शिकागोची शाखा निघाली. त्याच वर्षी घटस्फोट. लग्न मोडलं, धंदा मोडला नाही. मग युद्ध. डॉन हवाई दलात गेला, बोटीवर हल्ला होऊन जखमी झाला, बरा झाल्यावर त्याच्याकडे काम आलं ते वैमानिकांच्या विश्रांतीसाठी काप्री, कान, नीस इथे तळ चालवायचं (देव काही लोकांवर फारच प्रसन्न असतो). इकडे सनी हॉटेलं चालवत होती, वाढवत होती. डॉन परतला तेव्हा त्याच्या नावाच्या साखळीची मालकीण सनी होती आणि तो पगारी सल्लागार. करार असा की अमेरिकेच्या मुख्य भूमीवर त्याने त्या नावाने दुकान काढायचं नाही. मग तो गेला हवाईला. हवाई तेव्हा राज्य नव्हतं, ते झालं १९५९ला. साखळी वाढत वाढत सोळा ठिकाणी पोचली.

तिचे जे फोटो मी पाहिलेत त्यात ती नटीसारखी दिसते. केस, कपडे, बसण्याची ढब, सगळं जागच्या जागी. आणि मी जेवढी पुस्तकं चाळली त्यांत डॉनवर प्रकरणंच्या प्रकरणं, सनीला दोन ओळी: देखणी होती, हुशार होती, हॉटेलं तिने घेतली. पुढचा परिच्छेद लगेच रमवर. याचा मला राग आलाय. म्हणून धागा.

खारेदाणे
१४ जून, रात्री ९:४०

आलू टिक्की समजून धागा उघडला. पण वाचत राहिलो, म्हणजे बघा. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

हिशेबनीस
१४ जून, रात्री १०:०५

लेख छान, पण दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी. कल्पना त्याची, पेयं त्याची, नाव त्याचं. तो युद्धावर, ही गल्ल्यावर. परत आला तर स्वतःच्या नावाची पाटी लावायची चोरी. आपल्याकडे एखाद्या भावाने असं केलं असतं तर आपण त्याला काय म्हटलं असतं?

गवतीचहा
१४ जून, रात्री १०:३१

'धोरणी' म्हटलं असतं, हिशेबनीसकाका. भावाला धोरणी, बाईला बिलंदर.

थट्टा सोडा. घटस्फोट १९४० चा आहे, अमेरिका युद्धात उतरण्याच्या आधीचा. तो सीमेवर गेला आणि हिने मागून घर लुटलं असं नाहीये. शिकागोचं हॉटेल तिचंच होतं. आणि डॉनला हिशेबाचं वावडं होतं हे त्याचे चाहतेही सांगतात. तो पत्र्यावर पाणी ओतत होता तेव्हा पाण्याचं बिल कुणीतरी भरत असणार ना?

खारेदाणे
१४ जून, रात्री १०:५०

हवाईत डॉनने पुढे काय केलं ते शोधलं. वायकीकीला इंटरनॅशनल मार्केट प्लेस म्हणून बाजार वसवला १९५० च्या दशकात, आणि त्यातल्या जुन्या झाडावर घरटं बांधून तिथे ऑफिस थाटलं. त्यात दोनच माणसांचं हॉटेलही होतं, जगातलं सगळ्यात लहान म्हणून मिरवायचा. आता झाड कुठलं ते ऐका.

वड. आपला वड. भारतीय वड, एकोणिसाव्या शतकात तिथे लावलेला.

म्हणजे बायको गल्ल्यावर आणि घटस्फोटित नवरा वडावर. वटपौर्णिमेला कुणी कुणाला फेऱ्या मारायच्या?

पागोळी
१४ जून, रात्री ११:१५

खारेदाणे 😄😄 सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या अजून हसतायत.

चष्मिष्ट
१५ जून, सकाळी ७:२०

किंचित शास्त्रार्थ. 'टिकी बार' हे नाव नंतरचं. सनी-डॉनच्या काळात 'साउथ सीज' म्हणत. मूर्तींचं पेव फुटलं ते महायुद्धानंतर, पॅसिफिकमध्ये लढून आलेले सैनिक घरी परतले आणि त्यांना तिथलं सगळं हवं होतं, फक्त चिखल, मलेरिया आणि बॉम्ब सोडून.

दुसरं, ट्रेडर व्हिक्स ही तशीच दुसरी हॉटेलं. ऑकलंडचा (कॅलिफोर्नियातलं, न्यूझीलंडचं नव्हे) व्हिक्टर बर्जरन डॉनकडे येऊन बघून गेला, परत जाऊन आपल्या 'हिंकी डिंक्स'चं नाव बदललं आणि तोच माल मांडला. 'माय ताय' हे रमचं पेय त्याचं, १९४४ चं. डॉन शेवटपर्यंत म्हणत राहिला की मूळ माझंच. तर हिशेबनीस, कल्पना लाटायचीच गोष्ट असेल तर यादी लांब आहे. पण व्हिकला कुणी लबाड म्हटलेलं आठवत नाही.

दक्षिणवारा
१५ जून, सकाळी ९:०२

न्यूझीलंडच्या ऑकलंडमधून लिहितोय, त्यामुळे वरचा कंस आवडला.

पण एक गोष्ट बोचते. इथे टिकी म्हणजे शोभेची वस्तू नाही. माओरी कथांत टिकी हा पहिला माणूस. हेई-टिकी म्हणून हिरव्या पोऊनामू दगडाचं कोरीव लेणं असतं, ते घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत येतं, ज्यांच्या गळ्यात होतं त्यांच्या नावांसकट. माझ्या ऑफिसातल्या एका सहकारी बाईंच्या गळ्यात त्यांच्या पणजीचं आहे. त्यांना मी एकदा मूर्खासारखं विचारलं होतं, की अमेरिकेत याच चेहऱ्याचे पेले (मग) मिळतात, रमसाठी, तुम्हाला काय वाटतं? त्या हसून म्हणाल्या, "तुमच्याकडे गणपतीचा मग मिळतो का?" मी म्हटलं, मिळतो, आणि आमचे लोक निषेध करतात. "मग झालं तर," म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

सनीबाईंच्या कर्तबगारीबद्दल दुमत नाही. पण पाटीवर ज्यांची नावं नव्हती त्यांची यादी करायची तर सुरुवात खूप मागून करावी लागेल.

गवतीचहा
१५ जून, सकाळी ९:४५

दक्षिणवारा, मान्य. लिहिताना 'डोळे वटारलेल्या मूर्ती' असं मी सहज लिहून गेले, ते आता वाचताना मलाच खटकतंय. बदलत नाही, राहू दे तसंच, म्हणजे तुमचा प्रतिसाद अधांतरी लटकणार नाही.

यादीत अजून एक भर. काउंटरमागचे बारटेंडर बहुतेक फिलिपिनो होते. पाककृती चोरीला जाऊ नयेत म्हणून डॉनने बाटल्यांवर नावांऐवजी खुणा आणि आकडे घातले होते. 'मसाला क्रमांक ४', 'डॉनचं मिश्रण', असं. म्हणजे बारटेंडरच्या हाताला माहीत, अमक्या बाटलीतलं इतकं, तमक्यातलं तितकं, पण आत काय आहे ते त्यालाही ठाऊक नाही. वैद्याच्या पुड्यांसारखं. मग साखळी बुडाली तेव्हा पाककृतीही बुडाल्या. जेफ बेरी नावाच्या गृहस्थाने कित्येक वर्षं जुन्या बारटेंडरांच्या मागे लागून, त्यांच्या खिशातल्या वह्या मिळवून त्या उलगडल्या. १९३७ ची एक वही होती, त्यातही आकडेच. शेवटी 'डॉनचं मिश्रण' म्हणजे काय निघालं? ग्रेपफ्रूटचा रस दोन भाग, दालचिनीचा पाक एक भाग. बस्स.

कोकणकडा
१५ जून, दुपारी १:१०

हे वाचून करून बघितलं. ग्रेपफ्रूट इथे (कणकवली) कुठून आणणार, पण परसात पपनसाचं झाड आहे. फळ अजून कोवळं, चतुर्थीला गणपतीवरच्या माटवीला (फळं-पानं टांगायची चौकट) बांधायचं ते. तरी एक पाडलं. पाकाला दालचिनी जरा जास्त उकळली, थंड केला, दोनास एक घातला, वर लिंबू, बर्फ आणि सोडा. रम नाही, आमच्याकडे वडील आहेत.

पपनस ग्रेपफ्रूटइतकं कडू नाही, त्यामुळे साल थोडी किसून घातली. घरच्यांचं मत: औषध आहे, पण चांगलं औषध. दुसरा ग्लास मागितला गेला.

चष्मिष्ट
१५ जून, दुपारी २:३०

खाण्याचा विषय निघालाच आहे तर, त्या हॉटेलांतलं 'रुमाकी' प्रसिद्ध. कोंबडीची कलेजी आणि वॉटर चेस्टनट, बेकनमध्ये गुंडाळून. मराठी ब्लॉगांवर वॉटर चेस्टनटला शिंगाडा म्हणतात. चूक. आपला शिंगाडा वेगळा, दोन शिंगांचा, पाण्यावर तरंगणाऱ्या वेलीचा. चिनी वॉटर चेस्टनट हा एका लव्हाळ्यासारख्या गवताचा कंद आहे, चिखलातून काढतात. शिजवला तरी कुरकुरीत राहतो, शिंगाडा पिठूळ होतो. उपासाला चालेल का, हे मला विचारू नका.

खारेदाणे
१५ जून, दुपारी २:३४

बेकनमध्ये गुंडाळल्यावर उपासाचा प्रश्न उरतो का, चष्मिष्टराव?

समुद्रपक्षी
१५ जून, रात्री ८:२०

गवतीचहाताई, सनीच्या गोष्टीचा पुढचा भाग आमच्या फ्लोरिडात घडलाय, तो सांगतो.

बॉब आणि जॅक थॉर्नटन हे दोघे भाऊ शिकागोचे. लहानपणापासून सनीच्या शिकागोच्या 'डॉन द बीचकोंबर'ला जेवायला जायचे. मोठेपणी त्यांनी फोर्ट लॉडरडेलजवळ, ओकलंड पार्कला, फेडरल हायवेच्या कडेला तसंच स्वतःचं हॉटेल बांधलं, 'माय-काय'. उघडलं २८ डिसेंबर १९५६ ला. तेव्हा आजूबाजूला फारसं काही नव्हतं. माणसं आणली ती थेट शिकागोच्या हॉटेलातून. बारटेंडर मारियानो लिकुदिने तिथे सोळाएक वर्षं होता, पहिल्या नंबरचा नव्हे, दुसऱ्या. इथे येऊन पहिला झाला. त्याने डॉनच्या पेयांवरून आपली पेयं बेतली. आकड्यांच्या बाटल्यांचं रहस्य जे हॉलिवूडला हरवलं ते असं इथे चोरवाटेने जिवंत राहिलं.

आणि आता मालकीण. मिरेल थॉर्नटन, मूळची ताहितीची. माय-कायमध्ये नाचायला आली, पुढे तिथल्या नाचांची दिग्दर्शिका झाली, पोशाख तिचेच, तालमी तिच्याच, बॉबशी लग्न केलं. १९८९ मध्ये बॉब गेला आणि हॉटेल तिने चालवलं. माय-कायचा पॉलिनेशियन नाचांचा कार्यक्रम १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासूनचा, हवाईबाहेर अमेरिकेत इतका दीर्घकाळ चाललेला दुसरा नाही असं सांगतात. दक्षिणवारा, तुमचा मुद्दा मनात ठेवूनच लिहितोय: इथे निदान नाच कसा असावा हे ठरवणारी बाई त्याच समुद्रातली होती.

मी पहिल्यांदा गेलो २००७ मध्ये, आई-बाबा ठाण्याहून आले होते तेव्हा. दोघे शाकाहारी, त्यामुळे बाबा आधीच संशयाने बसलेले. इतका अंधार की मेनू वाचायला टेबलावरचा दिवा उचलून धरावा लागला. तिथे 'मिस्टरी ड्रिंक' मागवलं की आतून घंटा वाजते, मोठी थोरली झांज असते तशी, आणि एक नर्तकी वाफाळणारं भांडं घेऊन नाचत येते, टेबलापाशी गुडघे टेकून ते ठेवते, गळ्यात हार घालते. हे शेजारच्या टेबलावर झालं. घंटा ऐकल्याबरोबर बाबांनी डोळे मिटून हात जोडले. आरती सुरू झाली असं वाटलं त्यांना. आई म्हणाली, "अहो, दारू आहे ती." बाबांनी एक डोळा उघडून बघितलं, आणि हात तसेच जोडलेले ठेवले.

पागोळी
१५ जून, रात्री ८:४१

"हात तसेच जोडलेले ठेवले" 👏 बाबांना नमस्कार सांगा.

समुद्रपक्षी
१५ जून, रात्री ९:००

सांगतो. आता ऐंशीचे आहेत, अजून विचारतात, ते देऊळ चालू आहे का.

तर त्याचीही कथा. माय-कायच्या मोलोकाय बारच्या खिडक्यांवरून सतत पाणी ओघळत असतं, बाहेर वादळ असल्यासारखं. डॉनच्या पत्र्याचीच ही श्रीमंत नात. आणि २०२० च्या ऑक्टोबरात खऱ्या मुसळधार पावसात मुदपाकखान्याकडचं छप्पर बसलं. साठ वर्षं खोटा पाऊस विकला, बंद पडलं ते खऱ्याने. त्याआधी २०१४ मध्ये वास्तूला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळालेला, त्यामुळे पाडून टोलेजंग इमारत उठवायचा मोह टळला असावा. नवे भागीदार आले, चार वर्षं काम चाललं, नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं. मी पहिल्या महिन्यात गेलो. वास तोच आहे: ओलं लाकूड, लाकडाच्या भट्टीतला धूर, कुठेतरी दालचिनी. तो कसा परत आणला असेल देव जाणे.

हिशेबनीस
१५ जून, रात्री ९:२५

बरं, मी एक पाऊल मागे घेतो. शिकागोची माणसं सोळा सोळा वर्षं टिकली हे हॉटेल धंद्यात सोपं नाही. माझ्या मेहुण्याचं हॉटेल आहे, त्याच्याकडे आचारी गणपती ते दिवाळी टिकत नाही. पगार वेळेवर होत असला पाहिजे. तेवढं श्रेय सनीबाईंना.

पागोळी
१५ जून, रात्री १०:४०

कालपासून लिहू की नको करतेय. विषयाला धरून आहे की अवांतर, तुम्हीच ठरवा.

माझ्या आजीची गिरगावात खानावळ होती. चाळीतल्या दोन खोल्या, एकीत चुली, दुसरीत बाक. आजोबा छापखान्यात होते, खानावळीत त्यांचा संबंध रविवारच्या बाजारापुरता. पण दारावरची पाटी 'अमुक यांची घरगुती खानावळ' म्हणून आजोबांच्या नावाची. बाईच्या नावाने खानावळ म्हटली की लोक भलतंच समजायचे, असं आजी सांगायची.

मला तिचं रोजचं एक आठवतं. सकाळी पाचपासून पदर खोचून, घामाने आणि पिठाने माखलेली. बरोबर साडेअकराला उठायची. आतल्या मोरीत हात-तोंड धुऊन, इस्त्रीचं पातळ नेसून, कानात मोत्यांच्या कुड्या, अंबाड्यात एक अबोलीचा गजरा, आणि पहिली पंगत येण्याआधी दाराशी गल्ल्यावर. पोळ्या कुणाला किती वाढल्या त्याच्या खडूच्या रेघा भिंतीवर मारायची त्या तिथूनच, न उठता, लांब काठीला खडू बांधून. चाळीतल्या बायका म्हणायच्या, ही खानावळवाली की नाटकवाली. मी एकदा विचारलं, आजी, एवढं नटायचं कशाला, डाळ-भात तर वाढायचा. म्हणाली, "मी घामेजलेली दिसले तर गिऱ्हाईक म्हणतं, बाई गरजू आहे, पुढच्या महिन्यात देऊ. नीट दिसले की पैसे एक तारखेला येतात."

गवतीचहा, तुमच्या सनीचे 'जागच्या जागी केस' वाचले आणि हे आठवलं.

आजोबा गेले १९६८ मध्ये. परवाना त्यांच्या नावावर. तो आपल्या नावावर करून घ्यायला आजीने एका कचेरीत जवळजवळ दोन वर्षं खेटे घातले. तिथला साहेब दर वेळी विचारायचा, "घरात कोणी पुरुष माणूस नाही का?" माझे बाबा तेव्हा चौदा वर्षांचे. शेवटी ती त्यांनाच घेऊन गेली, म्हणाली, हा घ्या.

गवतीचहा
१५ जून, रात्री ११:०२

पागोळी, हे अवांतर असेल तर मूळ लेख अवांतर आहे. काठीला खडू!

निळीशाई
१६ जून, सकाळी ८:१५

पागोळीताईंच्या आजींसारख्या किती जणी असतील. गिरणगावात तर हजारो खानावळवाल्या, गिरणी कामगारांचे डबे आणि पंगती यांवर घर चालवणाऱ्या, आणि बँकेच्या दारात गेलं की नावावर काहीच नाही. गोवा मुक्तिसंग्रामातल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते यांच्यासाठीच. सावकाराच्या पाशातून सोडवून बायकांना स्वतःच्या सहीवर कर्ज मिळवून दिलं. माझी आई त्या काळात बँकेत होती. सांगते, पहिल्यांदा सही करताना काही बायका विचारायच्या, "माझं नाव माहेरचं लिहू की सासरचं?"

दक्षिणवारा
१६ जून, सकाळी ९:३०

काल चिडून लिहिलं होतं, आज धागा पुन्हा वरून खाली वाचला. चिडलेला नाही. सहकारी बाईंना पागोळीच्या आजीची काठी-खडूची गोष्ट सांगितली. त्यांच्या आजीचंही काही तरी असं आहे म्हणाल्या, जेवणाच्या सुट्टीत सांगणार आहेत.

गवतीचहा
१७ जून, रात्री १०:२०

आज नवऱ्याला घेऊन टिकी-टी नावाच्या बारला गेले. सनसेट बुलेव्हार्डवर आहे, बाहेरून एखाद्या झेरॉक्सच्या दुकानाएवढं. रे बुएन हे फिलिपिनो गृहस्थ डॉनकडे अगदी सुरुवातीला बारटेंडर होते, त्यांनी १९६१ मध्ये काढलं, अजून घरचेच लोक चालवतात. काउंटरला बारा स्टुलं, बाकी चार-दोन टेबलं. एक पेय असं आहे की ते मागवलं की अख्खा बार "तोरो!" ओरडतो. नवऱ्याने मुद्दाम मागवलं. मग शेजारच्याने, मग पलीकडच्याने. माझा घसा बसलाय.

काउंटरमागच्या माणसाला काडेपेटी दाखवली. त्याने हातात घेतली, उघडली, काड्या मोजल्या, मिटून दोन्ही हातांनी परत दिली. गर्दी होती, बोलणं झालं नाही. सनीबद्दल विचारायचं होतं ते राहिलंच. पुढच्या वेळी गर्दी नसेल तेव्हा जाईन.

येताना मॅकॅडन प्लेसवरून गाडी घेतली. ते हॉटेल १९८० च्या दशकातच बंद झालंय, बघण्यासारखं काही नाही. नवरा म्हणाला, थांबायचंय का. म्हटलं नको, पार्किंग नाहीये.

खारेदाणे
१८ जून, सकाळी ७:०५

एक काडी पेटवून बघा की. ऐंशी वर्षांची काडी पेटते का, हा शास्त्रीय प्रश्न आहे.

गवतीचहा
१८ जून, सकाळी ७:३०

हात लावाल तर बघा.

पागोळी
२१ जून, दुपारी ४:१८

या धाग्यामुळे बाबांना माळ्यावर चढवलं (वय सत्तरच्या वर, आईने मला नंतर झापलं). आजीच्या खानावळीची पाटी मिळाली. सागाची आहे, आजोबांच्या नावाचा रंग जवळजवळ उडालाय, नीट लावून वाचावं लागतं.

मागची बाजू उलटली तर तिथे आजीच्या अक्षरात उधारी. कॉपिंग पेन्सिलीची, ती ओली करून लिहायची जांभळी. सात नावं. सहांवर आडवी रेघ आहे, एकावर नाही. बाबा म्हणाले, अरे, हा तर माझा गणिताचा मास्तर! बारा रुपये आठ आणे.

फोटो टाकायचा प्रयत्न करतेय, साइट घेत नाहीये.

चष्मिष्ट
२१ जून, दुपारी ४:२६

साइज कमी करून टाका. आणि मास्तरांचं नाव झाका, त्यांचे नातू इथे असायचे.